शेवटची शी कधी झाली?

आधी एक वैधानिक इशारा. शनिवारची सकाळ आहे, पोहे-चहा घेऊन वाचायला बसला असाल तर ते आधी संपवा. आजचा विषय पोटाचा आहे, आणि पोटाच्याही जरा पुढचा. त्यात पोट आपलं नाही, सापाचं.

नमनाला घडाभर तेल नको म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. माझं मत असं आहे की आपल्यासारख्या टू-बीएचकेत राहणाऱ्या, दिवसाचे तीन तास ट्रेनमध्ये घालवणाऱ्या, शनिवार-रविवारीच घरात दिसणाऱ्या माणसांनी साप पाळू नये. कारण विष नाही, भीती नाही, सोसायटीचे नियम तर मुळीच नाहीत. कारण एवढंच, की आपल्याला सापाच्या तोंडाकडच्या टोकात रस असतो. दुसऱ्या टोकाकडे बघायची आपली तयारी नसते. आणि प्राणी पाळायची लायकी त्या दुसऱ्या टोकावरच ठरते.

हे मी कुंपणाबाहेर उभा राहून बोलत नाहीये. या पापात मी अर्ध्याचा वाटेकरी आहे. कसा ते सांगतो.

माझा मावसभाऊ डोंबिवली पूर्वेला राहतो. माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याने दोन वर्षांपूर्वी एक बॉल पायथन घेतला. हा अजगरांतला एक छोटा प्रकार. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी, तीन ते पाच फूट वाढणारा, अत्यंत लाजाळू. घाबरला की डोकं आत घालून अंगाचा गोळा करतो, म्हणून नाव बॉल. नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं जगतो, म्हणजे आपल्या गृहकर्जापेक्षा जास्त. भावाच्या सापाची वेटोळी बघून मावशी म्हणाली, "ही तर जिलबी!" आणि तेच नाव पडलं. आधी किंचाळणारी मावशी महिन्याभरात "जिलबी जेवली का रे?" विचारायला लागली.

कागद अगदी चोख होते. ते का महत्त्वाचं, तर आपल्याकडचा कुठलाही देशी साप, म्हणजे नाग, धामण, अजगर, मांडूळ, काहीही घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी साप या कायद्याच्या बाहेर राहत होते. २०२० साली केंद्राने अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने द्यायची योजना आणली, २०२२ साली कायदा दुरुस्त झाला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. मग २०२४ चे नियम आले आणि परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. भावाने ती केली. आम्हाला दोघांनाही वाटलं, झालं, आता आपण सज्जन.

आणि मग मी माझी कला दाखवली. एका रविवारी बसून त्याच्यासाठी छोटंसं अ‍ॅप लिहिलं. उंदीर दिला की तारीख टाकायची. सात दिवस झाले की पट्टी पिवळी, आठव्या दिवशी लाल, सोबत एक आवाज. (आवाज पुंगीचा ठेवला होता. सापांना हवेतून येणारे आवाज फार कमी ऐकू येतात, पण विनोद आम्हाला स्वतःसाठी हवा होता.) त्या अ‍ॅपमध्ये उंदराचं वजन टाकायची सोय होती, आलेख होता, फोटो होता. शीचा रकाना नव्हता. सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं असतं तरी "हॅ, ते कशाला" म्हणून मी सोडून दिलं असतं.

आता नागपंचमी. गेल्या श्रावणातली.

आदल्या रात्री जिलबीने उंदीर खाल्ला होता. सकाळी मावशीने पुरणाची दिंडं केली, पाटावर नागोबा काढला, आणि एक वाटी दूध नेऊन जिलबीच्या काचेच्या पेटीत ठेवलं. "अरे, साक्षात नागोबा घरात आणि नैवेद्य नको?" भाऊ भडकला. मावशीला त्याने पाऊण तास लेक्चर दिलं. साप सस्तन नाही, त्याला दुधातली साखर पचवता येत नाही, दूध पाजलं तर जुलाब होतात, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊन मरतो. गारुड्याचा नाग दूध पितो कारण त्याला आधी दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं, तो दूध पीत नसतो, तहान भागवत असतो. शब्द न् शब्द बरोबर. मी सोफ्यावर बसून माना डोलावत होतो. मावशी "बरं बाबा" म्हणून वाटी उचलून घेऊन गेली.

संध्याकाळी भावाचे ऑफिसातले सहा मित्र आले. बाहेर पावसाची चिकचिक, म्हणून एसी २२ वर. जिलबी पेटीतून बाहेर निघाली आणि दीड तास या गळ्यातून त्या गळ्यात फिरली. फोटो निघाले. माझाही एक आहे. पोट मधोमध फुगलेलं स्पष्ट दिसतंय, आणि मी हसतोय.

दुसऱ्या दिवशी पेटीत अर्धवट विरघळलेला उंदीर पडलेला होता. तो वास मी इथे वर्णन करणार नाही, पोह्यांचं मी आधीच सांगितलं आहे.

इथे थोडं शास्त्र घुसडतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

आपलं पोट म्हणजे चोवीस तास चालू असलेला सर्व्हर. दिवसातून चार वेळा काहीतरी येणार हे गृहीत, त्यामुळे आम्ल तयार, आतडी तयार. अजगराचं तसं नाही. त्याला पुढचं जेवण कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून दोन जेवणांच्या मधे तो सगळं कारखान्यासारखं बंद करून टाकतो. १९९०च्या दशकात स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड या दोघांनी ब्रह्मदेशी अजगरांवर यावर पद्धतशीर काम केलं. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतंच. भक्ष्य आत गेल्यावर एखाद्या दिवसात ते जठर आपल्यासारखं कडक आम्लधर्मी होतं. लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. यकृत, मूत्रपिंडं, हृदय सगळं वाढतं. भक्ष्य खूप मोठं असेल तर शरीराचा ऊर्जाखर्च आरामातल्या खर्चाच्या ४४ पटींपर्यंत गेलेला त्यांनी मोजला. शर्यतीत धावणारा घोडा जेवढी धाप टाकतो, साधारण तेवढं काम हा प्राणी नुसता पडून राहून करतो! आपल्याला वाटतं, काय आळशी, नुसता लोळतोय. अहो, तो लोळत नाही, त्याची डेडलाइन चालू असते.

आणि या कारखान्याची वीज बाहेरून येते. सापाचं रक्त स्वतः गरम होत नाही, त्यामुळे पचनाला लागणारी ऊब त्याला जमिनीतून, दगडातून, उन्हातून घ्यावी लागते. बॉल पायथनच्या पेटीत एका बाजूला ३१-३२ अंश लागतात. त्याला २२ अंशाच्या खोलीत दीड तास बाहेर काढलं की पचन मंदावतं, आणि आत गेलेला उंदीर पचायच्या ऐवजी सडायला लागतो. सापाला चावून खाता येत नाही, उंदीर अख्खा असतो, केसांसकट. अशा वेळी सापाकडे एकच उपाय उरतो, तो बाहेर टाकणे. वरून हाताळलं, पोट दाबलं गेलं, घाबरला, तरी तो हेच करतो, कारण जंगलात भरल्या पोटी पळता येत नाही. म्हणून जेवल्यावर निदान दोन दिवस सापाला हातही लावू नये हा पहिला नियम. आम्हाला माहीत होता. मित्र आले होते ना पण.

आता माझ्या अ‍ॅपची कामगिरी ऐका. उंदीर बाहेर आला म्हणजे "जेवण झालंच नाही" असं म्हणून भावाने ती नोंद खोडली. नोंद खोडल्यावर अ‍ॅपने त्याच्या आधीच्या उंदरापासून दिवस मोजले आणि पट्टी लाल झाली. पुंगी वाजली. तिसऱ्या दिवशी "बिचारी उपाशी आहे" म्हणून त्याने दुसरा उंदीर दिला. खरं तर एकदा उलटल्यावर सापाला किमान दोन आठवडे काहीही द्यायचं नसतं. अन्ननलिका आम्लाने पोळलेली असते, जठर रिकामं झालेलं असतं, शरीरातलं पाणी गेलेलं असतं. नुसतं पाणी आणि ऊब द्यायची, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य. अ‍ॅपला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण ते लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं. दुसरा उंदीरही बाहेर आला.

आठवड्याभराने आम्ही तिला कापडी पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात घालून ठाण्याला निघालो. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, सापाला हात लावणारे शोधावे लागतात. काटई नाक्याला अडकलो, शीळफाट्याला अडकलो, मुंब्रा बायपासला तर गाडी बंद करून बसलो. पूर्ण वेळ भाऊ डबा पोटाशी धरून बसला होता.

डॉक्टरांनी जिलबीला हातावर घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटची शी कधी झाली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी मोठ्या ऐटीत फोन काढला. "डॉक्टर, खाण्याच्या सगळ्या तारखा आहेत. वजनासकट."

"त्या मी विचारल्या नाहीत," ते म्हणाले.

भाऊ म्हणाला, महिना झाला असेल. मग म्हणाला, दीड. मग म्हणाला, पेटीतला कागद आई बदलते, तिला विचारतो. फोन लावला. मावशी म्हणाली, "अरे, कागद गेले कित्येक दिवस कोराच निघतोय. मला वाटलं चांगलंच आहे, घाण करत नाही." डॉक्टरांनी तोवर बोटांनी शेपटीच्या अलीकडे चाचपून बघितलं होतं. आत खडे लागत होते. म्हणाले, "मागे सगळं तुंबलंय आणि तुम्ही पुढून ढकलताय."

पुढून येतच राहतंय, मागून निघत नाहीये, मधला साठा भरलाय.... ऑफिसात असं काही दिसलं तर आपण रात्री दोनला उठून बघतो. घरात महिनाभर कुणाला दिसलं नाही, कारण मोजतच नव्हतो.

जिलबी त्यानंतर सोळा दिवसांनी गेली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्राण्याचा मृत्यूही कळवावा लागतो. भावाने पोर्टल उघडलं, आणि मग मला म्हणाला, "दादा, तू भर."

तर मंडळी, ही गोष्ट. आता तात्पर्य आणि भांडण.

पहिली गोष्ट. सापाची शी ही किळसवाणी बाब नसून तो त्याचा एकमेव लॉग आहे. साप भुंकत नाही, कण्हत नाही, शेपटी हलवत नाही, जेवणाच्या ताटाशी येऊन उभा राहत नाही. आजारी साप आणि निरोगी साप दोघेही एका कोपऱ्यात गोळा होऊन पडलेले असतात. आत काय चाललंय हे सांगणारी एकच गोष्ट बाहेर येते, आणि ती बघायची आपली तयारी नसते.

बघितलं तर किती कळतं! सापाला वेगळी लघवी नसते. अवस्कर नावाचं एकच द्वार, त्यातून सगळं बाहेर. नायट्रोजनचा कचरा आपण पाण्यात विरघळवून टाकतो, साप तो युरिक आम्लाच्या रूपात पांढऱ्या, खडूसारख्या लगद्यात टाकतो, म्हणजे पाणी वाचतं. हा पांढरा भाग मऊ असला तर ठीक. पिवळा, कडक, खडे झालेला असला तर पाणी कमी पडतंय. तपकिरी भागात केस दिसणार, कारण ते पचत नाहीत. हाडं मात्र विरघळून गेलेली असतात. न पचलेले तुकडे दिसले तर ऊब कमी पडतेय. पातळ, विचित्र वासाची असेल तर जंत किंवा जंतुसंसर्ग. हे सगळं वर्तमानपत्राच्या एका कागदावर फुकट मिळतं.

"पण मग किती दिवसांनी व्हायला हवी?" इथेच खरी गंमत आहे. ठरलेला आकडाच नाही. हार्वी लिलीव्हाइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ साली सापांच्या मलधारणेवर निबंध लिहिला. त्यात गॅबून व्हायपर या आफ्रिकी घोणसाच्या नातेवाइकाने ४२० दिवस काहीही बाहेर न टाकल्याची नोंद आहे. चारशे वीस! एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत आणि वर दोन महिने. त्यांचं म्हणणं असं की जमिनीवर दबा धरून बसणाऱ्या जाड सापांना हे ओझं उपयोगी पडत असावं. मागचं अंग जड राहिलं की पुढून झेप घेताना पाय रोवल्यासारखा आधार मिळतो (पाय नसले तरी). उलट झाडावर राहणारे सडपातळ साप लवकर मोकळे होतात, त्यांना वजन परवडत नाही. बॉल पायथन आठवड्याने करेल, तीन आठवड्यांनी करेल, कात टाकेपर्यंत थांबेल. म्हणजे सर्वसाधारण नियम नाही, तुमच्या सापाचा नियम तुम्हाला त्याच्याच जुन्या नोंदींवरून काढावा लागतो. नोंद नसेल तर सव्वा वर्ष थांबलेला निरोगी साप आणि महिन्याभरात मरायला टेकलेला साप यांतला फरक तुम्हाला कळणारच नाही. आम्हाला कळला नाही.

दुसरी गोष्ट, जास्त टोचणारी. आपण सुशिक्षित लोक नागपंचमीच्या दुधावर दरवर्षी तावातावाने बोलतो. बोलायलाच हवं. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या मिरवणुकीवर न्यायालयाने बंदी आणली ते योग्यच झालं. पण त्या दिवशी डोंबिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये काय घडलं बघा. मावशीच्या वाटीला जिलबीने जीभही लावली नाही. अंधश्रद्धेने झालेलं नुकसान शून्य. नुकसान केलं ते लॅक्टोज माहीत असलेल्यांनी. मावशीला नैवेद्याचं समाधान हवं होतं, आम्हाला फोटोचं. तिला वाटलं नागोबा भुकेला असेल, अ‍ॅपला वाटलं जिलबी भुकेली आहे. दोन्हीकडे सापाच्या पोटाला कुणी विचारलं नाही. फरक इतकाच की मावशीने "बरं बाबा" म्हणून वाटी उचलली. आम्हाला उचल म्हणणारं कुणी नव्हतं.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण हे सगळे भावाने माझ्याशी आणि मी स्वतःशी घालून झाले आहेत.

"कुत्रासुद्धा लोक नीट पाळत नाहीत, मग सापावरच राग का?" कुत्रा तक्रार करतो. शी आली तर दाराशी जाऊन उभा राहतो, पोट बिघडलं तर गालिच्यावर करून तुम्हाला धडा शिकवतो. कुत्र्याकडे दुर्लक्ष करायला मेहनत लागते. सापाकडे दुर्लक्ष आपोआप होतं. म्हणूनच तर "साप पाळायला सोपा, काही मागत नाही" असं सांगून तो विकतात. काही मागत नाही हीच तर अडचण आहे!

"कायदेशीर आहे, नोंदणी आहे." आहे. पण नोंदणी म्हणजे परीक्षा नव्हे. दुचाकी चालवायची तर आठ काढून दाखवावा लागतो. पंचवीस वर्षं जगणारा प्राणी घ्यायचा तर त्याच्या पचनाबद्दल एक प्रश्न कुणी विचारत नाही. आणि कागद नसलेले साप येतात ते कसे, तेही बघून ठेवा. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. स्वस्तात मिळतोय म्हणून कुणाकडून साप घेणार असाल तर तो आधी बिस्किटाच्या पाकिटात होता का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

"काही जण खूप छान पाळतात." पाळतात, मान्य. मला असे एक-दोघे या प्रकरणानंतर भेटले. त्यांच्याकडे थर्मोस्टॅट आहे, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, आणि एक वही आहे. वहीत दोन रकाने, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं. ते सापाला गळ्यात घालून फिरत नाहीत. त्यांचा छंद बघायला अतिशय कंटाळवाणा आहे, आणि साप पाळायचा म्हणजे तो असाच असायला हवा. माझं भांडण त्यांच्याशी नाही. तुम्ही त्यांच्यातले आहात असं वाटत असेल तर एक सोपी चाचणी देतो. सहा महिने साप न आणता दर आठवड्याला एक तास पेटी घासा, तापमान लिहा, हात साबणाने धुवा. (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे पेटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाही. घरात लहान मूल असेल तर या एका कारणासाठीच विषय बंद. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती मुलांना होणाऱ्या याच आजारापायी.) सहा महिने टिकलात तर मग बोलू.

"पण मला सापांची आवड आहे हो!" छान आहे. मग पाळू नका, बघा. ठाण्यात येऊर आहे, कल्याणला उल्हास नदीचा काठ आहे, जरा लांब जायचं तर पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान आहे. आणि पावसाळ्यात कुठे जायचीही गरज नाही, साप स्वतःच आपल्या पार्किंगमध्ये येतात. खरं तर आपणच त्यांच्या बिळांवर टॉवर बांधलेत, आयत्या बिळावर नागोबा कोण हा प्रश्नच आहे. अशा वेळी सोसायटीत काय होतं? धामण दिसते, पन्नास माणसं गोळा होतात, पन्नास मोबाइल निघतात, काठीने ढोसणं सुरू होतं. ती धामण नुकतीच एखादी घूस खाऊन आलेली असेल तर घाबरून ती बाहेर टाकते. लोक म्हणतात, "ई, ओकली बघ!" अहो, ते तिचं आठवड्या-दोन आठवड्यांचं जेवण होतं, आणि तुमच्या पार्किंगमधली घूस होती. पकडल्यावर साप हातावर शी करतो तीही भीतीने. माणूस घाबरला की काय होतं हे आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा लांब उभे राहा, मुलांना मागे घ्या, वनखात्याला किंवा माहितीतल्या सर्पमित्राला फोन करा, आणि त्याच्या पोटाला त्याचं काम करू द्या. एवढं केलंत तरी तुम्ही त्या सापासाठी माझ्यापेक्षा खूप जास्त केलंत.

अ‍ॅप मी काढून टाकलेलं नाही. मागच्या महिन्यात भावाच्या ओळखीतल्या एकाने ते मागितलं, त्याच्याकडे कॉर्न स्नेक आहे. द्यायच्या आधी मी तीन बदल केले. पुंगी काढली. उलटी झाली तर नोंद खोडताच येणार नाही, उलट पुढचे दोन आठवडे खाणं देण्याचं बटणच बंद राहील असं केलं. आणि शीचा रकाना घातला, सगळ्यात वर. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. दोन दिवसांनी त्या पोराचा मेसेज आला, "दादा, हे दर वेळी भरायचा कंटाळा येतो, काढता येईल का?"

मी त्याला सांगितलं, रकाना निघणार नाही. साप देऊन टाकता येतो का बघ.

असो. पटलं नसेल तर भांडायला या, चहा माझ्याकडून. पोहेपण.